आषाढात मरते, दिवाळीत कळते

कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. त्याच प्रकल्पाच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यात, किंवा इकडे वाईच्या पश्चिमेला बलकवडीच्या वर जोरसारख्या गावात, पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे छपरावर सोलर पॅनेल आणि पडवीत शिशाची बॅटरी असा संसार डोंगरातल्या घरांत, शेतघरांत, पर्यटकांसाठी उभारलेल्या तंबूंच्या मुक्कामांवर दिसतो. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. बॅटरी मात्र दोन-तीन पावसाळ्यांतच 'बसते', आणि दोष कंपनीला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा ती बॅटरी उपाशी ठेवून मारलेली असते.

हिशेब करून पाहा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर वीज मावते. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच, म्हणजे ९००, वापरावी. दिवे, पंखा, टीव्ही, मोबाइल मिळून घराचा रोजचा खर्च ६०० धरू. चैत्रात ३०० वॅटचं पॅनेल हा खर्च भागवून बॅटरी काठोकाठ भरतं. आषाढात ढग खाली उतरले की तेच पॅनेल दिवसाला ३०० देतानाही धापा टाकतं. रोज ३०० ची तूट, म्हणजे तीन दिवसांत निम्मी बॅटरी रिकामी. हे तीन दिवसांवर थांबत नाही. वाईतून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर, तापोळ्याकडे गेलं की सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही.

बॅटरी वापरताना तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते ताजं असताना चार्जिंगने पुन्हा विरघळतं. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली तर त्याचे कण मोठे आणि कठीण होतात. ओल लागलेल्या सिमेंटच्या पोत्याचं जसं होतं तसंच. पुढे ऑक्टोबरचं कडक ऊन कितीही पडो, प्लेटचा तो भाग कामातून गेलेला असतो. दिवाळीला घर भरतं, दिवे आठालाच मिणमिणतात आणि मग बॅटरीवाल्याला फोन जातो.

इथून धोक्याचा भाग सुरू होतो. 'अ‍ॅसिड बदलून बॅटरी नवी करून देतो' असं सांगणारे बाजारात सगळीकडे भेटतात. रिकाम्या बॅटरीचं अ‍ॅसिड पातळ झालेलं असतं, कारण त्यातलं सल्फेट प्लेटांना चिकटलेलं असतं. त्यात ताजं अ‍ॅसिड ओतलं की अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लगेच १.२४ दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. प्लेट मात्र आहे तशीच राहते. पुढे थोडंफार चार्जिंग झालं तर अ‍ॅसिड गरजेपेक्षा तीव्र होऊन प्लेटांच्या जाळ्या खातं. अ‍ॅसिड सांडून पातळी खाली गेली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी बॅटरीत भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नाही, नळाचं नाही, 'आमचं पाणी गोडं आहे' म्हणून झऱ्याचंही नाही. आणि ते पूर्ण चार्ज झाल्यावर भरायचं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढ्याच आधी बुडवायच्या.

जुनी बॅटरी सुधारतच नाही असंही नाही. सल्फेट फार जुनं नसेल तर पाण्याच्या बॅटरीला ठरावीक जास्त व्होल्टेजवर, साधारण १५ च्या आसपास, काही तास सावकाश चार्जिंग देऊन सेल बरोबरीला आणता येतात. नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकात पाहावा. सीलबंद बॅटरीवर हा प्रयोग करू नये. अशा जास्तीच्या चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून डोंगरातल्या घराची पडवी प्लास्टिकने बंद केलेली असते, हे इथे लक्षात घ्यावं. एवढं करूनही एखादा सेल हायड्रोमीटरवर बाकीच्यांपेक्षा कायम ०.०३ ने मागे राहत असेल तर पुढचा खटाटोप व्यर्थ आहे.

सरकारी योजनांचाही घोटाळा देखभालीच्या याच मुद्द्यावर होतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचे सौर संच, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल ठरली होती. पाच वर्षं म्हणजे जवळजवळ नीट सांभाळलेल्या शिशाच्या बॅटरीचं आयुष्यच. खर्च खरा सुरू होतो तेव्हा करार संपतो. ग्रामपंचायतीच्या सौर दिव्यांचं उद्घाटन होतं, फोटो निघतात; ज्येष्ठात हायड्रोमीटर घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या मजुरीची तरतूद मात्र क्वचितच दिसते. आषाढात पंखा आणि टीव्ही बंद ठेवा, हे सांगणारंही कुणी नसतं.

मेलेल्या बॅटरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतो, म्हणून ती कधी उकिरड्यावर पडत नाही, विकली जाते. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारोयला लोक घराच्या आवारात जुन्या बॅटऱ्यांचं शिसं काढत असत. २००७-०८ मध्ये तिथे १८ मुलं दगावली. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. विक्रेत्याकडे ती देऊन पावती मागता येते. तरी अनेक जण भंगारवाल्याकडे जातात, कारण तो चार पैसे जास्त देतो. त्याला ते परवडतं, कारण आतलं अ‍ॅसिड कुठल्या ओढ्यात ओतलं आणि शिसं कुणाच्या अंगणात वितळवलं, याचा खर्च त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो.