पोटावरचा हात आणि फोनवरचा सर्जन

७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले आणि फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे असलेल्या एका महिलेचे पित्ताशय त्यांनी यंत्रमानवाच्या हातांनी काढले. ही शस्त्रक्रिया जगभर गाजली. तेव्हापासून सर्जन आणि टेलिमेडिसिन हे शब्द जोडीने आले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रमानव उभा राहतो. आणि जिल्ह्याच्या गावी हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याधीची ऑपरेशने करणारा सर्जन हसून म्हणतो, ‘हे आमचे काम नव्हे.’

त्याचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोट दुखते म्हणून आलेल्या रुग्णाच्या पोटात उजवीकडे, बेंबीच्या खाली सर्जन बोटांनी हळूहळू दाबत जातो आणि एकदम हात उचलतो. दाबताना दुखले त्याहून उचलताना जास्त दुखले, तर मामला गंभीर. त्या क्षणी त्याची नजर पोटावर नसते, रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. ही परीक्षा पडद्यावर होत नाही. गाठ हलते की आत चिकटली आहे, हे कोणताही कॅमेरा सांगत नाही.

पण सर्जनचे काम एवढेच का? ऑपरेशननंतरच्या भेटी आठवून पाहा. दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसे शस्त्रक्रियेसाठी गोव्यात बांबोळीला जातात, गडचिरोलीची दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून नागपूरला. ऑपरेशनसाठी हा प्रवास आलाच. पण पुढे ‘दाखवायला या’ म्हटले की पुन्हा पहाटेची एसटी, रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, बाहेर बाकावर तीन तास. आत गेल्यावर सर्जन जखमेकडे पाहून म्हणतो, ‘छान आहे, या आता.’ दोन मिनिटे! गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने जखम उघडून फोनवर दाखवली असती तर काय बिघडले असते?

गंमत अशी की, टेलिमेडिसिन नको म्हणणारे सर्जन ते रोज करतातच. रात्री साडेअकराला तालुक्याचा डॉक्टर व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे पाठवतो, हे चष्मा शोधत तो पाहतात आणि ‘पाठवून दे’ किंवा ‘सकाळपर्यंत थांब’ असे सांगतात. या सल्ल्याची ना नोंद, ना फी. उद्या काही बिनसले तर कोण काय म्हणाले याचा पुरावाही नाही. या कामाला ते टेलिमेडिसिन म्हणत नाहीत, एवढेच.

भीती कुठून आली, तेही सांगायला हवे. रत्नागिरीत डॉक्टर हजर नसताना, फोनवरच्या सूचनेवरून दाखल करून घेतलेल्या बाळंतिणीचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. वैद्यकीय वर्तुळाने त्यातून एकच धडा घेतला : फोनवर बोलू नका. माझ्या मते खरा प्रश्न फोनचा नव्हताच. बाईला तपासायला कोणीही डॉक्टर नव्हता, हा होता.

पुढे २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली. दूरस्थ शस्त्रक्रियेला त्यांनी हातच घातलेला नाही. तो यंत्रमानव बाहेरच उभा आहे. व्हिडिओ, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, सारे चालते. रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. फी घेता येते, पावती द्यावी लागते, नोंद ठेवावी लागते. प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत दुरून सल्ला दिला तर तो पाठपुरावा ठरतो आणि औषधेही अधिक मोकळेपणाने लिहिता येतात. प्रत्यक्ष तपासणी हवी असे डॉक्टरला वाटले तर तो कधीही ‘समोर या’ म्हणू शकतो. म्हणजे पोटावर हात ठेवण्याचा त्याचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही.

ही तत्त्वे किती सर्जनांनी मुळातून वाचली असतील? परिषदांत दुर्बिणीच्या नव्या शस्त्रक्रियांवर दिवसभर चर्चा होते. तिथे एक तास या विषयाला द्यावा : टाके काढल्यावर कोणत्या रुग्णाला बोलवायचे, कोणाला फोनवर पाहायचे, ताप, पू, वाढती वेदना यांपैकी काय दिसले की ताबडतोब गाडीत बसवायचे, आणि हे सारे केसपेपरवर कसे लिहायचे. शिवाय आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला फोन उजेडात कसा धरायचा, हेही कोणीतरी शिकवले पाहिजे.