कात्रीने सांगितलेली गोष्ट

सिंड्रेलाची गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. सावत्र आई, दोन सावत्र बहिणी, राजवाड्यातले नृत्य आणि पायातून निसटलेला जोडा. ती पुन्हा सांगण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. याच गोष्टीवर १९२२ साली जर्मनीत एक छोटा चित्रपट तयार झाला. त्याचे जर्मन नाव ‘आशेनपुटेल’. लांबी जेमतेम बारा-तेरा मिनिटे. त्यात रंग नाहीत, संवाद ऐकू येत नाहीत, आणि पात्रांचे चेहरे काळ्या आकृतीत बुडालेले. सगळी पात्रे कात्रीने कापून काढलेली आहेत आणि ही गोष्ट कात्रीची करामत आहे, हे चित्रपट आरंभीच दाखवून टाकतो. लपवाछपवी नाही. तरीसुद्धा शंभर वर्षे उलटून गेल्यावर आपण तो पाहताना खिळून बसतो. का बरे?

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला ही उठाठेव कशाला, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी आधी एक कबुली द्यायला हवी.

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी अकरावीतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे एक पेटी घेऊन आली. वर काच, काचेवर बटर पेपर, खाली दिवा, आणि काचेवर ठेवलेली पुठ्ठ्याची एक मुलगी. तिचे कोपर, गुडघे, मान बारीक तारेने जोडलेली. “सर, हिला थोडे थोडे हलवून मी फोटो काढते. ती चालते,” असे ती म्हणाली. मी विचारले, “यात विज्ञान कोणते?” ती गप्प राहिली. “हे चित्रकलेच्या वर्गात ठेव,” असे सांगून मी तिला परत पाठवले. त्या वर्षी आमच्या प्रदर्शनात पाणी गाळण्याची तीन यंत्रे आणि ज्वालामुखीच्या दोन प्रतिकृती होत्या. त्यांतील एकही वस्तू मला आज आठवत नाही. पेटी मात्र आठवते. जाता जाता तिने त्या चित्रपटाचे नाव सांगितले होते. तो मी पुढे दोन वर्षांनी पाहिला आणि मग माझ्या प्रश्नाची मलाच लाज वाटली.

हा चित्रपट करणाऱ्या बाईंचे नाव लोट्टे रायनिगर. जन्म १८९९, बर्लिनजवळच्या शार्लोटेनबर्ग येथे. ‘आशेनपुटेल’ केला तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. पुढे १९२६ मध्ये त्यांनी ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा मोठा चित्रपट पुरा केला. पूर्ण लांबीच्या सचेतपटांपैकी आज उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना होय. (गंमत अशी की, त्याच १९२२ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाचा वीस-एकवीस वर्षांचा एक तरुणही सिंड्रेलावर छोटा चित्रपट करत होता. त्याची रंगीत, गाजलेली सिंड्रेला यायला १९५० साल उजाडावे लागले.)

रायनिगर बाईंची रीत साधी होती. पातळ पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांतून आकृतीचे भाग कापायचे आणि ते तारेने सांधायचे. शिसे जड, म्हणून आकृती काचेवर सपाट बसते, उगीच सरकत नाही. काचेच्या मेजाखाली दिवा, वर कॅमेरा तोंड खाली करून टांगलेला. एक चित्र घ्यायचे, हात केसभर हलवायचा, पुन्हा चित्र घ्यायचे. मूकपटांच्या काळात सेकंदाला सोळा-अठरा किंवा त्याहून काही अधिक चित्रे दाखवीत. सोळा धरली तरी बारा मिनिटांना ११,५२० चित्रे होतात. कॅमेऱ्याचे काम त्यांचे पती कार्ल कॉख करीत.

आपण याला सहज ‘सावल्यांचा चित्रपट’ म्हणतो. पण सावली आणि छायाकृती यांत फरक आहे. एक प्रयोग करा. ट्यूबलाइट चालू ठेवा आणि समोरच्या भिंतीजवळ पेन्सिल धरा. सावली रेखीव दिसेल. पेन्सिल हळूहळू भिंतीपासून दूर न्या. सावलीच्या कडा धूसर होतील, कारण प्रकाशाचा स्रोत बिंदूएवढा नसल्यामुळे प्रच्छायेभोवती उपच्छाया पसरते. आता तीच पेन्सिल एकदा नळीला समांतर धरा, एकदा आडवी धरा. पहिल्या वेळी सावली बरीच स्पष्ट राहील, दुसऱ्या वेळी जवळजवळ नाहीशी होईल. असे का, ते स्वतः आकृती काढून शोधा. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे कलावंत हीच गोष्ट हाताने जाणतात. बाहुली पडद्याला टेकवली की रेखीव, दिव्याकडे ओढली की मोठी आणि धूसर. रायनिगर बाईंच्या कॅमेऱ्याला मात्र सावली दिसतच नाही. त्याला दिसते ती उजळ पार्श्वभूमीवरची, वरून प्रकाश न मिळालेली खुद्द आकृती. म्हणून तिची बोटे, झालरी, झाडाची पाने इतकी धारदार दिसतात.

आता चालण्याकडे वळू. चित्रे तर सारी स्थिर. मग सिंड्रेला चालते कशी? आपली पुस्तके एका शब्दात उत्तर देतात: दृष्टिसातत्य. प्रतिमा डोळ्यात क्षणभर टिकते म्हणून चित्रपट दिसतो, असे मीही बरीच वर्षे शिकवीत आलो. पण जरा विचार करा. आधीची प्रतिमा नुसती टिकून राहिली, तर पुढची तिच्यावर चढेल आणि डोळ्यांपुढे गिचमिड होईल. लुकलुक कमी का वाटते हे त्यातून काहीसे समजते. गती का दिसते हे समजत नाही. माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. थोड्या अंतरावरच्या दोन रेषा एकामागून एक दाखवल्या आणि मधला काळ सेकंदाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या भागाइतका ठेवला, तर पाहणाऱ्याला दोन रेषा दिसत नाहीत. एकच रेषा इकडून तिकडे जाताना दिसते. हे काम डोळ्यात टिकलेल्या प्रतिमेचे नसून मेंदूचे आहे.

मला या चित्रपटाच्या मोहिनीचे मर्म इथे सापडते. पडद्यावर मुळात गतीच नाही. ती आपण पुरवतो. चेहऱ्यावर दुःख नाही. वाकलेली मान पाहून तेही आपणच पुरवतो. ग्रिम बंधूंच्या मूळ कथेत जोडा पायात बसावा म्हणून सावत्र बहिणी आपला पाय कापतात. रायनिगर बाईंनी तो प्रसंग गाळला नाही. काळ्या कागदाचा पाय, काळ्या कागदाचा सुरा, बस्स. पण पाहताना अंगावर काटा येतो. आज संगणकावर केलेल्या चित्रपटांत केसन् केस सुटा दिसतो, पाण्याचा थेंबही खरा वाटतो. ती करामत मोठी आहे, तिच्यामागचे गणितही मोठे आहे, मी ती कमी लेखत नाही. मात्र प्रेक्षकाला करायला तिथे फारसे काही उरत नाही. ‘आशेनपुटेल’ही सर्वत्र सारखा रंगत नाही, काही प्रसंग मला लांबलेले वाटले. तरी त्या बारा मिनिटांत आपले डोके रिकामे बसत नाही.

अर्थात मेंदूला वाटेल तसे फसवता येत नाही. हातातून चेंडू सुटला असे दाखवायचे आहे आणि प्रत्येक चित्रात तो सारख्याच अंतराने खाली सरकवला, तर तो पडताना दिसणार नाही, दोरीने सोडल्यासारखा दिसेल. सेकंदाला सोळा चित्रे धरली तर खरा चेंडू पहिल्या चित्रापर्यंत सुमारे १.९ सेंटिमीटर पडतो, पुढच्यापर्यंत आणखी ५.७, त्याच्या पुढच्यापर्यंत आणखी ९.६. हे प्रमाण १:३:५ असे आहे. गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी हेच दाखवले होते. नववीच्या मुलांना गतीची समीकरणे पाठ असतात, पण पुठ्ठ्याचा चेंडू पाडायला सांगितला तर बहुतेकजण तो सारख्या अंतराने सरकवतात. मी करून पाहिले आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे की, विज्ञानाच्या खोलीतून परीकथेला हाकलू नका. भोपळ्याची गाडी होत नाही हे मुलांना कळते. ते सांगायला आपली गरज नाही. ती गाडी चालताना दिसली पाहिजे असे म्हटले, की त्यांना चाक किती अंश फिरवायचे याचा हिशेब करावा लागतो.

चित्रपट पाहिल्यावर मी त्या विद्यार्थिनीचा शोध घेतला. ती तोवर वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. पेटी पुन्हा आण, आपण ती प्रदर्शनात मांडू, असे मी म्हटले. ती हसली. पेटी कधीच मोडली होती. काच आजोबांच्या तसबिरीला बसवली होती. पुठ्ठ्याची मुलगी तेवढी वहीत जपून ठेवलेली होती. ती तिने मला दिली. मानेची तार गंजली आहे, पण कोपर अजून वळते. नवी पेटी आम्ही प्रयोगशाळेतच केली. तुम्ही करणार असाल तर काचेच्या कडा आधी घासून घ्या, दिवा एलईडीचाच घ्या, कारण जुन्या दिव्याने काच तापते आणि पुठ्ठा वाकतो. शिसे मात्र वापरू नका, ते विषारी असते. जाड पुठ्ठा पुरतो.