आधी आरंभबिंदू सांगा

गहाणखतात जमिनीचा ठावठिकाणा लिहिण्याची आपली जुनी रीत म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस नाला, पश्चिमेस अमक्याचे शेत, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस सरकारी जंगल. बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाची प्रकरणे पाहताना असे शेकडो मजकूर मी वाचले. पण नाला पात्र बदलतो, गाडीवाट सरकते, शेजारी शेत विकून गाव सोडतो. आणि बांध तर दर नांगरटीला वीतभर चालतो!

गणिताने यावर काढलेला तोडगा आपण सर्वांनी शाळेत आलेखाच्या कागदावर गिरवला आहे. एक आरंभबिंदू, त्यातून जाणारे दोन अक्ष. मग सपाटीवरचा कोणताही बिंदू दोन आकड्यांत सापडतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीच्या ग्रंथातून वाढलेली ही कल्पना. आज उपग्रहाच्या आधाराने शेताचे कोपरे याच रीतीने, अक्षांश-रेखांशांत टिपले जातात. चांगलीच गोष्ट आहे. दगड उपटता येतो, आकडा उपटता येत नाही.

मात्र आकडा कुठून मोजला, हे आधी विचारले पाहिजे. किनवट तालुक्यातले इस्लापूर ७८ अंश पूर्व रेखांशाच्या अगदी निकट आहे. याच रेखांशाच्या आसपास, दक्षिणेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, गेल्या आधीच्या शतकात भारताची महा-मोजणी झाली. १८०२ साली मद्रासला तिचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटला वारला. पुढे काम एव्हरेस्टने नेले. त्या मोजणीचा मूळबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरला आणि पृथ्वीचा आकारही एव्हरेस्टने मानलेला. आजची उपग्रहयंत्रे वेगळा आकार धरून चालतात. म्हणून जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे यंत्रात घातले, तर आपल्या भागात बिंदू शंभर मीटरहून अधिक दूर पडतो. दोन्ही आकडे खरे, आरंभ निराळे.

हा प्रश्न पुस्तकी नाही. इस्लापूर, किनवट हा सागाच्या जंगलाचा आणि आदिवासी वस्तीचा मुलूख. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासींच्या वहितीत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, त्यांच्या नावे होऊ शकते. अशा दाव्यांची मोजणी हातातल्या यंत्राने केली, तर ते उघड्या माळावर काही मीटर चुकते, दाट पानांखाली आणखी. काही मीटरचे काय एवढे? हिशेब करून पाहा. एका एकराच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे ६४ मीटर. तिची एकच कड ५ मीटर आत आली, तर तीन गुंठे गेले. एक-दोन एकरांवर पोट असणाऱ्या घरात तीन गुंठ्यांना फार मोल असते.

आकडे आले की भांडणे मिटतील, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. निर्देशक ‘कुठे’ हे सांगतो, ‘कोणाचे’ हे सांगत नाही. ती जमीन कोणाच्या आजाने मोडून वहितीला आणली, हे गावातली म्हातारी माणसेच सांगणार. कायद्याच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनेही हेच म्हटले आहे: उपग्रहचित्रे व तत्सम तंत्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही.

तेव्हा मोजणीच्या प्रत्येक नकाशावर तीन गोष्टी मराठीत छापाव्यात: आकडे कोणत्या पद्धतीने धरले, यंत्राची चूक किती मीटरपर्यंत संभवते, आणि प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश. मग तो कागद ग्रामसभेत वाचावा, आणि शेजाऱ्यांना घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून ताडून पाहावा. शाळेतल्या मास्तरांनी नववीच्या मुलांनाही सोबत न्यावे. आलेखाच्या कागदावर शिकलेला धडा बापाच्या शेतात कामी येतो, हे त्यांनाही एकदा दिसू द्या. आपल्या जमिनीचा आकडा ज्याला वाचता येतो, त्याला तो कागद फिरवून दाखवून फसवणे कठीण जाते.