जुन्या मोटारीचे मोल कशात?

पन्नास वर्षांची जुनी मोटार दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखी उभी करणे हा श्रीमंतांचा छंद होय, असे म्हणून सामान्य माणूस तो विषय सोडून देतो. महिन्याचे वेतन हप्त्याहप्त्यांत वाटून टाकणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला त्यात रस का वाटावा, हा प्रश्न रास्तच आहे. तथापि या विषयाला रोजगाराची आणि कौशल्याची एक बाजू आहे. तिचा संबंध मोटारीच्या मालकापेक्षा हुडकेश्वरसारख्या उपनगरातील गॅरेजात राबणाऱ्या मिस्त्रीशी अधिक आहे, आणि नेमकी तीच बाजू धोरणकर्त्यांच्या नजरेतून निसटली आहे.

जुन्या मोटारींच्या शौकिनांत सर्वांत मोठा मान अमेरिकेतील 'मसल कार' या प्रकाराला आहे. १९६४ सालच्या पाँटियाक जीटीओपासून या प्रकाराचा बोलबाला झाला. मध्यम आकाराच्या आणि मध्यम किमतीच्या गाडीत सुमारे ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन बसवावे, एवढीच ती साधी कल्पना. त्याच वर्षी रिचर्ड पेटी याने क्रायस्लर कंपनीचे 'हेमी' इंजिन बसवलेल्या प्लिमथ गाडीतून डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत जिंकली, आणि १९६६ पासून तेच ७ लिटरचे इंजिन सामान्य ग्राहकालाही मिळू लागले. या पराक्रमामागे अभियंत्यांची बुद्धी होती, तसेच स्वस्त पेट्रोल आणि वाढते वेतनही होते. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे चढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी तो पाया काढून घेतला. ज्या वारशाचा एवढा गौरव होतो, तो पुरती दहा वर्षेही धड टिकला नाही.

आपल्याकडचे चित्र याच्या अगदी उलट होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आरंभी याच क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या. पुढे कंपनी फियाटकडे वळली. अमेरिकेत जीटीओ गाजत होती, त्याच सुमारास कुर्ल्यातून १,०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. हाच आराखडा पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने जवळजवळ विसावे शतक संपेपर्यंत चालला. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.

या गाडीचा पराक्रम वेगाचा नव्हता. तो टिकून राहण्याचा होता. नवी मोटार मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि सुटे भागही सहज मिळत नसत. अशा काळात गाडी चालती ठेवण्याचे काम मिस्त्रीने केले. त्याने लेथवर भाग कातून घेतले, पत्रा ठोकून सरळ केला, एका गाडीचा पुर्जा दुसरीला बसवला. टंचाईच्या त्या अर्थव्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिची किंमत ग्राहकाने निकृष्ट माल आणि दीर्घ प्रतीक्षा यांच्या रूपाने मोजली. परंतु त्या टंचाईने हातांत जे कसब निर्माण केले, ते मात्र टंचाईबरोबर टाकून देण्याजोगे नाही. आपला खरा मोटार-वारसा तोच आहे.

हे कसब आजही किती लागते, हे जुन्या इंजिनाकडे पाहिले म्हणजे कळते. पूर्वीची अनेक इंजिने शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरून बनवलेली होती. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकी झिजत नसत. भारतात फेब्रुवारी २००० पासून असे पेट्रोल बंद झाले आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे जुन्या इंजिनात कठीण धातूच्या बैठकी बसवणे गरजेचे ठरले. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरमधील पडदे त्याला दाद देत नाहीत. तेही बदलावे लागतात. या कामातला पैसा बव्हंशी मजुरीत जातो, आणि ती मजुरी गॅरेजवाला, लेथवाला, डेंटिंग-पेंटिंग करणारा व सीट शिवणारा यांच्यात, म्हणजे गावातल्या गावात वाटली जाते. परदेशी बनावटीची नवी मोटार घेणाऱ्याच्या पैशाबद्दल असे म्हणता येणार नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याच खात्याचे हे काम. अशा वाहनाला 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५ हजार. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार चालत नाही. ती रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, शर्यत-फेरी वा दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते. याउलट, वीस वर्षे ओलांडलेल्या साध्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये करण्यात आले. धूर ओकणारी वाहने कमी व्हावीत हा त्यामागील हेतू समर्थनीय आहे, आणि क्वचितच धावणाऱ्या गाडीला सवलत देण्यातही विसंगती नाही.

उणीव आहे ती वेगळीच. या नियमांत वाहन आहे, मालक आहे, क्रमांक आहे. पण ते वाहन मूळ स्वरूपात राखणारा माणूस कोठेच नाही. इंजिन बदलून नवे टाकण्याची मुभा नाही, म्हणजे जुनेच दुरुस्त करता आले पाहिजे. आणि ते ज्याला येते तो मिस्त्री आज साठीच्या घरात आहे. त्याच्या हाताखालचा मुलगा स्कॅनर लावून दोष शोधण्यास शिकतो आहे. त्यात गैर काहीच नाही. पोट आजच्या गाडीवरच भरायचे आहे. पण ही विद्या कोणत्याही पुस्तकात पुरती उतरलेली नाही, आणि हात थांबले की ती संपते.

उपाय खर्चिक नाहीत. अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केंद्राच्या कौशल्य योजनेत आहेच. तिचा लाभ या मिस्त्रींना देऊन त्यांना शिक्षक म्हणून मान्यता द्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. त्याला जोडून जुन्या इंजिनांचा आणि पत्राकामाचा अल्पकालीन वर्ग काढावा. एस. टी. महामंडळाच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले कारागीर त्यासाठी उपयोगी पडतील. ज्यांना हौस आहे त्या मालकांनीही आपल्या गाडीच्या कामावर एखादा शिकाऊ मुलगा ठेवण्याची अट स्वतःहून पाळावी.

दांडग्या इंजिनाची अमेरिकी मोटार पैसे टाकून केव्हाही विकत घेता येईल. तिला चालती ठेवणारा हात मात्र बाजारात विकत मिळत नाही. तो पंचवीस-तीस वर्षांच्या कामातून घडतो. वारसा जपायचा असेल, तर क्रमांकाच्या पाटीआधी त्या हाताची नोंद झाली पाहिजे.