परवानगी कोणाची? गिरणगावाचा एक जुना प्रश्न

१/ सॉफ्टवेअर-डिफाइंड नेटवर्किंगमध्ये निर्णय एका मध्यवर्ती कंट्रोलरकडे असतो आणि स्विच केवळ त्याची आज्ञा पाळतात. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘इथेन’ रचनेत तर प्रत्येक नव्या संवादाला कंट्रोलरची अनुमती लागे. पसारा वाढला की प्रश्न उभा राहतो: एकच केंद्र किती जणांना अनुमती देणार? मी इतिहासाचा विद्यार्थी. मला हा प्रश्न परळमध्ये भेटला. #धागा

२/ गिरणीत आरंभी हा अधिकार जॉबरकडे होता. रोज सकाळी दरवाजाशी बदली कामगारांची गर्दी जमे. आत कोण जाणार हे तोच ठरवी. स्त्रियांच्या खात्यांत हे काम नायकिणीचे. माणसे ओळखणारा माणूस जवळ होता, म्हणून निर्णय झटपट होत. मात्र त्याची किंमत दस्तुरीच्या रूपाने कामगारच मोजत असे.

३/ १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. निवडक कामगारांना कार्डे मिळाली आणि रोजची जागा आधी कार्डधारकांना देण्याचे ठरले. हेतू जॉबरची मनमानी रोखण्याचा होता. परंतु अधिकार जॉबरकडून वर सरकला. कामगाराकडे तो आला नाही.

४/ कामगारांनी स्वतः घडवलेली रचना याआधीच दिसली होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मे महिन्यात ३२४ सभासद, डिसेंबरअखेर सुमारे ५४,०००. एवढा पसारा केवळ कचेरीतून सांभाळणे अशक्य होते. म्हणून गिरणीगणिक ‘गिरणी समित्या’ झाल्या. तक्रार खात्यातच ऐकली जाई, वर्गणी तिथेच गोळा होई.

५/ या रचनेचे दोषही लपवू नयेत. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी डांगे, आळवे, कासले आदी नेते पकडले गेले. पुढचा संप फसला. समित्यांत धडाडी होती, परंतु सर्व गिरण्यांना एका वेळी थांबवू वा चालवू शकेल असे अनुभवी केंद्र उरले नव्हते.

६/ १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने दुसरे टोक गाठले. एका क्षेत्रातील एका उद्योगासाठी बोलण्याचा अधिकार एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला. मुंबईच्या कापडगिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. त्याची मजदूर मंझिल परळमध्येच आहे. ही मान्यता सभासदसंख्येच्या नोंदींवर ठरे, गुप्त मतदानावर नव्हे.

७/ परिणाम १८ जानेवारी १९८२ रोजी दिसला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. मागण्या पगाराच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या आणि त्यांत हा कायदा रद्द करण्याचीही होती. रस्त्यावर सामंत, कायद्याच्या कागदावर मात्र संघ. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी वाटाघाट करण्याचे बंधन मालकांवर नव्हते. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

८/ संपाच्या अपयशाचे खापर केवळ या कायद्यावर फोडणे चुकीचे ठरेल. गिरण्यांची जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि पुढे जमिनीचे मोल हीही कारणे होती. तथापि बोलण्याची वाटच बंद असल्याने तडजोडीची संधी हुकली, असे माझे मत आहे.

९/ नेटवर्कचे अभियंते आज अनेक कंट्रोलर ठेवतात आणि नेहमीचे नियम स्विचमध्ये आधीच उतरवून ठेवतात; केंद्राकडे केवळ अपवाद जातात. गिरणी समित्यांची कल्पना याच्या जवळची होती. पण यंत्राला कंट्रोलर बदलून मागता येत नाही, माणसांना तो मागता यायला हवा. १९४६ च्या कायद्यात मतपेटी असती, तर १९८२ चा संप निदान वाटाघाटीच्या टेबलापर्यंत पोहोचला असता.

१०/ परळला उतरलात तर टॉवरांच्या मधून डोकावणारी एखादी चिमणी शोधा. तिच्या खालच्या दरवाजाशी रोज सकाळी ‘आत कोण?’ हे ठरत असे. तुमच्या घरातल्या कोणाच्या गिरणी समितीच्या वा बदली कार्डाच्या आठवणी असतील, तर खाली अवश्य लिहा.