कपाटाची किल्ली कुणाकडे?

गेल्या सेमिस्टरला आपल्या म्युझिक क्लबने सतारीची बैठक ठेवली होती. ऑडिटोरियम ३०० जणांचं. आले १९. त्यातले ११ आम्ही आयोजक आणि दोन सर, तेही एच.ओ.डीं.नी पाठवलेले! त्याच आठवड्यात डीजे नाइटला गेटवर पब्लिक मावत नव्हतं. लगेच मीटिंग झाली आणि ठरलं, ‘पुढच्या वर्षीपासून क्लासिकल बंद. पोरांना नकोच असतं ते.’ मी क्लबची सेक्रेटरी. मीही मान डोलावली. पण ते डोलावणं तेव्हापासून खटकतंय, म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत असेंब्लीला पियानोवर हिम्स म्हटलेली. भीमसेन जोशी हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते जी.के.च्या पुस्तकात, भारतरत्नांच्या यादीत! सेक्रेटरी झाले तीही संगीताच्या ओढीने नव्हे. रेझ्युमेवर ‘लीडरशिप’ अशी एक ओळ हवी होती. मग ही लीडरशिप म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्या १९ डोक्यांनी मला घातला.

उत्तर शोधताना भेटले किरण सेठ. मित्रांनो, हा माणूस आपल्यातलाच. आय.आय.टी. खरगपूरचा मेकॅनिकलवाला! पुढे कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. तिथे न्यूयॉर्कला ब्रुकलीनमध्ये त्यांनी डागर घराण्यातल्या उस्तादांचं ध्रुपद ऐकलं आणि डोक्यात किडा शिरला, की हे आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांना का ऐकायला मिळू नये? १९७६ साली ते आय.आय.टी. दिल्लीत शिकवायला आले आणि १९७७ साली त्यांनी ‘स्पिक मॅके’ सुरू केलं. सुरुवातीला श्रोते फारच थोडे यायचे. म्हणजे आपल्यासारखंच! फरक एवढाच, की आम्ही पहिल्या रिकाम्या हॉलनंतर ‘बंद’ म्हटलं आणि त्यांनी पुढचा कार्यक्रम ठरवला. आज देशभर शाळा-कॉलेजांतून त्यांच्या बैठकी आणि कार्यशाळा होतात, आणि विद्यार्थी स्वयंसेवकच त्या उभ्या करतात. २००९ साली सेठांना पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, हे गृहस्थ काश्मीरहून कन्याकुमारीला सायकलवर निघाले. आपण होस्टेल ते कॅन्टीन बाइकवर जातो. असो.

पण ऐकणं ही अर्धीच गोष्ट झाली. जो स्वतः वाजवतो, शिकतो, त्याचं काय? इथे आपल्याच मातीतल्या माणसाचं नाव घ्यावं लागतं. विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडचा मुलगा, लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकला. त्या काळी गवई म्हणजे राजाच्या पदरी असणार, हे ठरलेलं. पलुसकरांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही जलशांचं उत्पन्न आणि लोकांच्या देणग्यांवर. सामान्य घरातल्या मुलामुलींना शिकता यावं म्हणून स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. मुलांना जवळ ठेवून घेऊन, शिकवून, त्यांच्यातून पुढचे शिक्षक तयार केले.

१९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली, मोठी इमारत झाली, आणि शेवटी कर्जापायी ती इमारत हातची गेली. आपल्या भाषेत प्रोजेक्ट फेल! पण झालं काय? १९३१ साली पलुसकर गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढलं. ‘मध्यमा’, ‘विशारद’च्या परीक्षांची सर्टिफिकेटं आपल्यातल्या कितीजणांच्या घरी फाइलला लावलेली आहेत, ती त्याच मंडळाची. इमारत गेली, माणसं उरली, आणि माणसांनी काम चालू ठेवलं.

तिसरं नाव लांबचं, व्हेनेझुएलाचं. होजे अँतोनियो आब्रेऊ, पेशाने अर्थतज्ज्ञ. १९७५ साली त्यांनी काराकासमधल्या एका गॅरेजमध्ये ११ मुलांना घेऊन तालीम सुरू केली. त्यातून ‘एल सिस्तेमा’ उभी राहिली. गरीब वस्त्यांतल्या लाखो मुलांच्या हातात वाद्यं आली. गुस्तावो दुदामेल हा जगप्रसिद्ध कंडक्टर तिथलाच. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. सगळा पैसा मुख्यतः सरकारचा. २०१७ मध्ये निदर्शनांत तिथे शिकलेला एक कोवळा वादक मारला गेला, दुदामेल सरकारविरुद्ध बोलला, आणि मुलांच्या ऑर्केस्ट्राचा अमेरिका दौरा रद्द झाला. ज्याच्या हाती पैसा, त्याच्या हाती किल्ली!

किल्लीवरून आठवलं. आपल्या जिमखान्याच्या कपाटात एक तबल्याची जोडी, एक पेटी आणि एक तानपुरा आहे. किल्ली असते ऑफिसात. ऑफिस बंद होतं पाचला, आणि आपली प्रॅक्टिकल्स सुटतात साडेपाचला! माझ्या बॅचमध्ये सांगलीकडचा एक मुलगा आहे. मध्यमा पूर्ण झालेला, हात काय सुंदर चालतो त्याचा! बारावीला सी.ई.टी.साठी तबला बंद केला, तो बंदच. मी विचारलं, ‘अरे, इथे का नाही वाजवत?’ म्हणाला, ‘कुठे वाजवू? रूमवर पार्टनरची सबमिशन्स असतात. आणि तुमचा क्लब तर फक्त बॅनर लावतो.’ बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. त्या बैठकीच्या बॅनरवर सतारवादकापेक्षा आमची नावं मोठ्या फॉन्टमध्ये होती.

तुम्ही म्हणाल, इथे इंजिनियर व्हायला आलोय, गवई व्हायला नाही. कबूल. डीजे नाइटलाही माझा विरोध नाही, मीही नाचलेय. शिवाय ज्याला आवडत नाही त्याला पकडून आणून बसवणं हा तर छळच. पण पोरांना नको असतं, हे आपण ठरवलं कशावरून? सबमिशनच्या आठवड्यात, कुठलीही ओळख न करून देता, अर्धा तास सत्कार आणि भाषणं ऐकवून, मग आपण सतार वाजवायला लावली. या टेस्टची कंडिशनच चुकीची होती, मग रिझल्ट कसा मानायचा?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. क्लासिकल बंद करू नये, करायची पद्धत बदलावी. एक, कार्यक्रम ऑडिटोरियमऐवजी ड्रॉइंग हॉलमध्ये, सतरंजीवर, तासाभराचा. सत्कार नाही, भाषण नाही. कलाकारालाच सांगू दे, काय ऐकायचं ते. दोन, बॅनरच्या खर्चातून तबल्याला नवी शाई आणि पेटीला ट्यूनिंग. तीन, कपाटाची किल्ली संध्याकाळी साडेपाच ते आठ विद्यार्थ्यांकडे, सही करून. हरवली तर दंड आम्ही भरू. आणि चार, सेक्रेटरीने जानेवारीतच दोन एस.ई.ची मुलं सोबत घेऊन त्यांना सगळं काम शिकवावं. पुढच्या वर्षी मी बी.ई.ला, म्हणजे प्लेसमेंट आणि प्रोजेक्टमध्ये बुडालेली. मी गेल्यावर क्लब बंद पडला, तर रेझ्युमेवरची ती ओळ खोटी ठरेल.

किल्लीसाठी अर्ज मी दिलाय. जिमखाना सरांनी ‘बघू’ म्हटलंय. अर्जावर सह्या आहेत सात. सांगलीकराने पहिली केली. तुमची हवी असेल तर तिसऱ्या मजल्यावर, टी.ई.च्या वर्गात या. गाणं येत नसलं तरी चालेल, मलाही येत नाही.