बॉयलरची तपासणी आणि कामगाराचा गुडघा

१९२३ साली ब्रिटिश सरकारने या देशासाठी थोड्याच अंतराने दोन कायदे केले. त्या वर्षीचा पाचवा कायदा बॉयलरचा होता आणि आठवा कामगारांच्या नुकसानभरपाईचा. पहिल्याने ठरविले की तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावाचून कोणताही बॉयलर चालविता कामा नये. दुसऱ्याने ठरविले की कामावर कामगाराचा हात किंवा पाय तुटला तर त्याची किंमत किती, आणि एका परिशिष्टात कामामुळे होणारे काही रोगही नोंदविले. शंभर वर्षे लोटली. बॉयलरच्या जुन्या कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली आणि नुकसानभरपाईचा कायदा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. बॉयलरची तपासणी कायम राहिली. कामाच्या रोगांच्या यादीत झिजलेल्या गुडघ्याला जागा नाही, हेही कायम राहिले.

नागपूरच्या उत्तरेला कोराडी येथे या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात. तेथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डॉ. जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आजच्या कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज म्हणता येईल असा सांधा रुग्णांना बसविण्यास आरंभ केला. कोराडीची वीज आणि कृत्रिम गुडघा अशी समवयस्क आहेत. १२० मेगावॅटचे ते पहिले चार संच केव्हाच मोडीत निघाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. म्हणजे यंत्र म्हातारे होते हे राज्यकर्त्यांना समजते. ते बदलावे लागते, त्यासाठी पैसा उभारावा लागतो आणि नवे उभे राहीपर्यंत जुन्याला सांभाळून चालवावे लागते, हेही समजते. हेच शहाणपण माणसाच्या सांध्यापाशी येताच का संपते?

औष्णिक केंद्रात गुडघे कोणाचे झिजतात हे पाहण्यास वैद्यकाचे पुस्तक लागत नाही. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा उकिडवे बसून ओढणारा, राखेच्या नळ्यांची गळती गुडघ्यावर बसून बुजविणारा, अवजारांचे ओझे घेऊन लोखंडी जिने चढणारा, आणि खराटा घेऊन पाळीभर वाकून झाडणारी बाई, हे ते लोक. यांतले बहुतेक कंत्राटदाराच्या हजेरीवर असतात. मराठीत गुडघे टेकणे म्हणजे शरण जाणे. या माणसांना पोटासाठी ते रोज अक्षरशः टेकावे लागतात. घरी गेल्यावरही चूल, पाणवठा आणि उकिडवे बसण्याचा संडास यांतून त्या सांध्याची सुटका नसते. बाईच्या बाबतीत तर घर ही दुसरी पाळीच असते.

सांध्यातील कूर्चेला स्वतःचे मज्जातंतू नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. त्यामुळे ती झिजताना दुखत नाही आणि झिजल्यावर फारशी भरूनही येत नाही. दुखणे जाणवते तेव्हा पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. मग कामगार डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात : उकिडवे बसू नका, मांडी घालू नका, जिने टाळा, ओझे उचलू नका, शस्त्रक्रिया लागेल, पण नंबर लागेपर्यंत सांभाळा. या सल्ल्यात वैद्यकीयदृष्ट्या चूक काही नाही. परंतु जे करू नये म्हणून सांगितले तेच तर त्या माणसाचे काम आहे! ते न करण्याची आज्ञा म्हणजे काम सोडण्याची आज्ञा. औषधाची ही चिठ्ठी कामगाराच्या हाती पडली खरी, पण तिच्यावर नाव मालकाचे हवे होते.

ती चिठ्ठी मालकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून कामगार आपल्यापुरता उपाय शोधतो. तो औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतो आणि पाळीवर जातो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर जठराला व्रण होतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंड बिघडते. अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाचा धोका आणखी वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात, भट्टीच्या शेजारी, घाम गाळीत ही गोळी घेणारा माणूस एका सांध्यासाठी कोणता अवयव गहाण टाकीत आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. काही जण गुडघ्यात स्टिरॉइडची सुई टोचून घेतात. तिने काही आठवडे बरे वाटते. परंतु शस्त्रक्रियेच्या आधीच्या साधारण तीन महिन्यांत ती घेतली असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते, म्हणून शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी लागते.

खरे उपाय स्वस्त आहेत. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, वजन जास्त असल्यास ते उतरविणे, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, पोटात घेण्याऐवजी वरून लावण्याचे औषध, आणि शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह, पंडुरोग व किडलेले दात यांचा बंदोबस्त. प्रतीक्षेचा काळ असा गेला तर शस्त्रक्रियेनंतर माणूस लवकर उभा राहतो. परंतु यासाठी पाळीत बसण्यास एक स्टूल लागते, लांब दांड्याचे अवजार लागते, ओझ्यासाठी ढकलगाडी लागते, आणि जिन्यांऐवजी जमिनीवरचे काम लागते. यांपैकी एकही वस्तू रुग्णालयात मिळत नाही. त्या सर्व कारखान्याच्या फाटकाच्या आत आहेत. काठी घेऊन फाटकावर आलेल्या कंत्राटी कामगाराला मुकादमाने उद्यापासून येऊ नकोस म्हटले, तर मुकादमाला अडविणार कोण? नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेच्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याला त्याच पगारावर झेपेल अशा जागी नेले पाहिजे, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २० वे कलम सांगते. १९९५ च्या कायद्यातही ते होते. कायम कर्मचाऱ्याला या कलमाचा आधार आहे. कंत्राटी कामगार मात्र काम सरकारी कंपनीचे करतो आणि कागदोपत्री नोकर दुसऱ्याचा असतो. तेव्हा कलम त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

आता पैशाकडे वळू. राज्य विमा योजनेखालील कामगार आजारी पडला तर त्याला वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि तीही वर्षाकाठी जास्तीत जास्त ९१ दिवस. तोच कामगार कामावरील इजेमुळे, अथवा यादीतील कामाच्या रोगामुळे, तात्पुरता निकामी झाला तर त्याला ९० टक्के मिळतात, आणि तो निकामी आहे तोवर मिळतात. गुडघा यादीत नाही, म्हणून तो ‘आजार’. शारीरिक कष्टाच्या कामावर परतण्यास शस्त्रक्रियेनंतर सहसा तीन महिने किंवा अधिक लागतात. ९१ दिवस त्यालाच जेमतेम पुरावेत. पण शस्त्रक्रियेची वाट पाहताना, चालवेनासे झाले म्हणून घेतलेल्या रजांत त्यांतले निम्मे दिवस आधीच खर्च झाले असतील तर? मग नवा सांधा बसल्यावर एक तर उपाशी राहायचे, नाही तर टाके वाळताच राखेत उतरायचे. एका यादीत एक ओळ नसल्यामुळे हे सर्व घडते. ज्यांची नोंदणीच कंत्राटदाराने केलेली नाही त्यांच्या वाट्याला हा वादही नाही.

सरकारी प्रवक्ते या ठिकाणी दोन गोष्टी पुढे करतील. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमती बांधून दिल्या. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून कर वगळून ५४,७२० रुपयांवर आणली. राज्याने २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्याचे ठरविले. दोन्ही निर्णय योग्यच होते. पहिल्याने तर व्यापाऱ्यांची लूट किती होती हे सरकारी आकड्यांनीच सिद्ध केले. परंतु विमा शस्त्रक्रियेच्या दिवशी कामाला येतो. त्याआधीचे महिने कोणाच्याच हिशेबात नाहीत. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेने १८ आठवड्यांची मुदत स्वतःवर घालून घेतली आहे. ती आज तेथे पाळली जात नाही हे खरे. पण किती जणांच्या बाबतीत मोडली हे दरमहा प्रसिद्ध होते आणि सरकारला उत्तर द्यावे लागते. किंमत बांधता येते, तर प्रतीक्षा मोजता का येऊ नये?

मालकांचा युक्तिवाद ठरलेला आहे : गुडघे वयाने झिजतात, लठ्ठपणाने झिजतात, आनुवंशिकतेने झिजतात, त्यांतला कामाचा वाटा कसा काढणार? प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर मात्र इतरांनी केव्हाच दिले आहे. जर्मनीने २००९ पासून गुडघ्याच्या झिजेला कामाचा रोग मानले आहे. गुडघ्यावर बसून वा तत्सम ताणाखाली आयुष्यात एकूण किमान १३,००० तास आणि दर पाळीत किमान एक तास काम झालेले असावे, ही तेथील अट. ब्रिटनने त्याच वर्षी भूमिगत कोळसा खाणीत किमान १० वर्षे घालविलेल्यांच्या गुडघ्याला मान्यता दिली. पुढे २०१२ साली गालिचे अंथरणाऱ्या कारागिरांनाही दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत गुडघ्यावर व उकिडवे बसून केलेल्या कामाने होणारे गुडघ्याचे इतर विकार आहेत. हे देश काही समाजवादी झालेले नाहीत. भांडवलशाही चौकटीतच तेथील कामगारांनी तास मोजावयास लावले, एवढेच.

येथील कामगार चळवळीनेही स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. वेतनकरार, बोनस, खासगीकरण यांवर सभा होतात आणि त्या व्हावयासच हव्यात. परंतु लंगडत फाटकाबाहेर पडणारा साथी दिसला की चळवळीतले जुने कार्यकर्तेही ‘वय झाले आता’ म्हणून त्याची बोळवण करतात. मालकाचा युक्तिवाद इतक्या सहजपणे आपल्या माणसांच्या तोंडी यावा, हा त्या युक्तिवादाचा मोठा विजय आहे. नव्या श्रम संहितांनी मालकावर वार्षिक आरोग्य तपासणीची जबाबदारी टाकली आहे. त्या तपासणीत गुडघे वाकवून पाहिले जावेत, झीज आढळल्यास तेवढ्याच वेतनावर हलके काम मिळावे, आणि कंत्राटदाराने ते नाकारल्यास मूळ मालक जबाबदार धरला जावा, या मागण्या कोराडीच्या फाटकावर आजच मांडता येतील. परिशिष्टातील ओळीसाठी दिल्लीपर्यंत लढावे लागेल.

त्या लढाईला पुरावा लागेल, आणि पुरावा कंत्राटदाराच्या दप्तरात सापडणार नाही; कंत्राट बदलले की दप्तरही जाते. कामगार तोच, पट्टा तोच, आणि तरी नोकरी दर वेळी नवी ठरते. म्हणून युनियनने स्वतःची वही घालावी. नाव, काम, किती वर्षे, पाळीत किती तास उकिडवे वा गुडघ्यावर, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया कधी सांगितली, नंबर कधी लागला, मधल्या काळात किती रोज बुडाले. रोज ३ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर जर्मनीचे १३,००० तास साडेचौदा वर्षांत भरतात. नवे संच उभे राहिले तेव्हापासून पट्ट्याखाली बसणाऱ्या कामगाराच्या खात्यात या हिशेबाने निम्म्याहून अधिक तास जमा झालेले असतील.